संपादक म्हणतात वाक्यं तुटक, लांब लिहिलं तर म्हणतात दम लागतो. आता काय करू?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावचा, नाव छापू नका. बी.ए. झालं, घरी कोरडवाहू वावर आहे, कापूस, तूर, सोयाबीन. तालुक्याच्या पेपरला गावच्या बातम्या पाठवतो, पैसे काही खास नाही पण आवड आहे. संपादक साहेब म्हणतात तुझी वाक्यं तुटक, चौथीच्या पोरासारखी. मंग मी लांब लिहायला लागलो तर म्हणतात वाचताना दम लागते. एका मित्राने सांगितलं की वाक्यं जोडायचा सराव असतो, बारकी बारकी वाक्यं घेऊन एक करायचं, त्यानं स्टाईल सुधारते. खरं आहे का? त्यासाठी व्याकरण पुन्हा शिकावं लागेल का? आमची बोली वऱ्हाडी, तिची अडचण होते का? आणि मोबाईलमधल्या एआयलाच जोडायला सांगितलं तर काय बिघडते? दोन नमुने पाठवतो, बघा."

बाबू, तुझे दोन्ही नमुने आधी इथं देते, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल आपण कशाबद्दल बोलून राहिलो.

पहिला: "काल आमच्या गावात पाऊस झाला. पाऊस जोराचा होता. नाल्याला पूर आला. नाल्याकाठी सात वावरं आहेत. वावरात सोयाबीन होतं. सोयाबीन कापलेलं होतं. त्याच्या गंज्या लावल्या होत्या. मळणी बाकी होती. गंज्या वाहून गेल्या. शेतकरी आज पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत होते. तलाठी आले नाहीत."

दुसरा: "काल आमच्या गावात झालेल्या जोरदार पावसामुळे नाल्याला आलेल्या पुरात वाहून गेलेल्या शेतकऱ्यांच्या कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्यांचा पंचनामा करण्यासाठी तलाठी न आल्याने शेतकऱ्यांमध्ये तीव्र नाराजी असून शासनाने तातडीने मदत द्यावी अशी मागणी होत आहे."

दुसरा जरा मोठ्यानं वाच. "पुरात वाहून गेलेल्या शेतकऱ्यांच्या". कोण वाहून गेलं रे बावा? गंज्या गेल्या की शेतकरी? तुला माहीत आहे गंज्या गेल्या, गावाला माहीत आहे, पण यवतमाळात बसून पेपर वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होईल आणि तुझ्या संपादकाला सकाळी सकाळी फोन येतील. "वाहून गेलेल्या" हे ज्या नावाला लागायला पाहिजे त्याच्यापासून दूर पडलं आणि मधात शेतकरी आले, मराठीत अशी विशेषणं समोर जो सापडला त्याला चिकटतात.

पण मला तुझा पहिला नमुना जास्त आवडला, खरंच. त्यात एकही खोटं नाही, सगळं दिसते. त्याची अडचण वेगळी आहे. अकरा वाक्यं, अकराही सारख्या वजनाची, म्हणजे "पाऊस जोराचा होता" याला जेवढी जागा तेवढीच "गंज्या वाहून गेल्या" याला, अन् वाचणाऱ्यानंच बसून ठरवायचं की यातली मोठी गोष्ट कोणती. आणि दुसऱ्यातही तेच झालं, तिथं तू सगळं एकाच दोरीला टांगलं पण मोठं काय ते तिथंही ठरवलं नाही. म्हणून संपादक दोन्हीला नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं लांबीबद्दल वाटते पण ते लांबीबद्दल नाही.

तर तुझा मित्र म्हणतो ते खरं आहे, सराव चांगला आहे, जरूर कर. फक्त तो लांब वाक्यं करायचा सराव समजू नको. जोडायला बसलं की हातात दोन गोष्टी येतात आणि ठरवावं लागते की यातली कोणती मुख्य आणि कोणती तिच्या मागं चालणारी. ते ठरवायची सवय लागते, बाकी वाक्य लांब झालं का आखूड झालं तो नंतरचा विषय.

तुझीच अकरा वाक्यं घेऊन दाखवते.

एक: "काल झालेल्या जोरदार पावसानं नाल्याला पूर आला आणि काठच्या सात वावरांतल्या सोयाबीनच्या गंज्या वाहून गेल्या." ही पावसाची बातमी झाली. ठीक आहे, सरळ आहे, जिल्ह्याच्या पानावर दोन ओळीत बसते.

दोन: "सोयाबीन कापून झालं होतं, गंज्याही लागल्या होत्या, मळणी तेवढी बाकी होती, आणि कालच्या पुरात नाल्याकाठच्या सात वावरांतल्या त्या गंज्या वाहून गेल्या." पाऊस मागं गेला बघ, पूर नुसता दोन शब्दात उरला आणि पुढं आला तो हातातोंडाशी आलेला माल. ज्यानं कधी वावर पाहिलं नाही त्यालाही कळते काय गेलं.

तीन: "ज्यांच्या गंज्या कालच्या पुरात वाहून गेल्या ते शेतकरी आज पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत होते. तलाठी आले नाहीत." आता ही तलाठ्याची बातमी झाली. पूर कालचा, तो एका तुकड्यात मागं ढकलला, आजचं पुढं आलं. आणि शेवटचं वाक्य मी मुद्दाम जोडलं नाही. "पण तलाठी न आल्यानं नाराजी व्यक्त होत आहे" असं करता आलं असतं, सगळे तसंच करतात, पण लांब वाक्यानंतर तीन शब्दांचं वाक्य आलं की ते लागते. तू ते आधीच तसं लिहिलं होतं, फक्त त्याच्या आधी दहा वाक्यं तेवढीच बारकी होती म्हणून ते लागलं नाही.

(तिसऱ्यात मी "सात शेतकरी" लिहिलं नाही ते पाहिलं का? वावरं सात, शेतकरी सातच असतील असं नाही, दोन वावरं एकाचीही असतील. जोडताना असे आकडे गुपचूप सरकतात, त्यावर नजर ठेव.)

माहिती तिन्हीत तुझीच, नवीन काहीच घातलं नाही, तरी बातम्या तीन झाल्या. यातली बरोबर कोणती ते मी सांगणार नाही, तू नाल्यावर होता, मी नव्हते.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि बातमी लिहिणाऱ्यानं ही तर पक्की डोक्यात ठेवायची. दोन वाक्यं जोडताना आपण मधात जे घालतो, कारण, म्हणून, त्यामुळे, तरी, पण, ते रिकामं नसते, ते स्वतः एक विधान असते. समज तुझ्याकडं दोन वाक्यं आहेत: "शेतकऱ्यांनी तलाठ्यांना फोन केला. तलाठी आले नाहीत." तू लिहिलं "फोन केल्यावर तलाठी आले नाहीत", तर नुसता क्रम झाला. "फोन करूनही तलाठी आले नाहीत" लिहिलं की झाला ठपका. एक "ही" आहे मधात, पण उद्या तलाठी तुला गाठून विचारतील की मी दुसऱ्या गावात पंचनाम्यात होतो, तू विचारलं का मला? मग तू विचारलं असलं पाहिजे. विचारलं असेल तर खुशाल लिही "फोन करूनही".

दुसरं उदाहरण आपल्या कपाशीचं. "अमुक गावात गुलाबी बोंडअळी आली. शेतकऱ्यांनी फवारणी केली नव्हती." ही दोन वाक्यं सुटी सुटी खरी असू शकतात. कोणी जोडून टाकलं की "फवारणी न केल्यामुळे बोंडअळी आली", तर वाक्य गोटीसारखं घोटीव झालं आणि बातमी बिघडली. २०१७ च्या हंगामात आपल्याकडं काय झालं ते तू लहान असशील तरी पाहिलंच असशील, बीटी बियाणं लावूनही बोंडं किडली, कारण त्या बियाण्यातल्या दोन्ही विषांना ती अळी दाद देईनाशी झाली होती. आणि अळी एकदा बोंडाच्या आत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तर कृषीवाले बोंबलून सांगतात की कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरचा पुढचा कापूस) घेऊ नका. एवढं सगळं कारण असताना तू एका "मुळे" मध्ये सगळा दोष शेतकऱ्यावर टाकून मोकळा झाला. तुझा हेतू तसा नव्हता, फक्त वाक्य जोडायचं होतं. म्हणून कारण माहीत नसेल तिथं दोन वाक्यं सुटीच राहू दे, तुटक दिसली तरी चालेल.

आता आपल्या मराठीत जोडायला काय काय आहे ते सांगते, सगळं नाही, ज्यात तू अडतोस तेवढंच.

सगळ्यात सोपं ते "ऊन". जाऊन, करून, वेचून, विकून. "बाबांनी कापूस भरला. जिनिंगवर नेला. भाव ऐकला. परत आणला." याचं "बाबांनी कापूस भरून जिनिंगवर नेला आणि भाव ऐकून परत आणला." छान. पण "ऊन" ची एक अट आहे, दोन्ही कामं करणारा एकच पाहिजे (वरच्या "फोन करूनही" सारखं मागं "ही" लागलं तर ही अट सुटते). "मी वावरात पोचून पाऊस सुरू झाला" असं होत नाही, कानालाच खटकते, पोचलो मी आणि सुरू झाला पाऊस. तिथं "पोचल्यावर" किंवा "पोचलो न पोचलो तोच" असं घ्यायचं, त्याला दोन वेगवेगळे कर्ते चालतात. आणि एकामागं एक चार "ऊन" आले की वाचणारा पहिला विसरतो, दोनवर थांबलेलं बरं.

"ताना" चं थोडं अवघड आहे. "टिपेश्वरकडून येताना मला वाघ दिसला." कोण येत होतं? तू का वाघ? टिपेश्वर म्हणजे वाघांचं अभयारण्य, शेजारच्या पांढरकवड्याकडच्या माणसाला दोन्ही शक्य आहे म्हणून विचारते. "मी टिपेश्वरकडून येत होतो तेव्हा वाघ दिसला" असं लिहिलं की दोन शब्द वाढतात पण भानगड मिटते. आखूड करायच्या नादात अर्थ दुहेरी होत असेल तर आखूड करायचं नाही.

"लेला" आणि "णारा" याचा तुला विशेष शौक दिसतो. झालेल्या, आलेल्या, वाहून गेलेल्या, कापून ठेवलेल्या, एका वाक्यात चार. मराठीत हे सगळं नावाच्या आधी येते ना, म्हणून वाचणाऱ्याला चारही डोक्यात धरून उभं राहावं लागते, शेवटी नाव येईपर्यंत. माझं मत विचारशील तर एका नावामागं एक, फार तर दोन. तिसरा आला की "जो, तो" घे नाहीतर सरळ वाक्य तोड. "ज्या गंज्या लावून ठेवल्या होत्या त्या गेल्या", हे शाळकरी वाटते म्हणून लोक टाळतात, पण बोलताना आपण सगळे असंच बोलतो आणि कोणाला समजायला त्रास होत नाही.

आणि ते "असून". अरे देवा. बातमीदारांचं "असून" म्हणजे घरातली सुतळी, पोतं बांधायलाही तीच आणि चप्पल शिवायलाही तीच. "गावची लोकसंख्या दोन हजार असून गावात हनुमानाचं मंदिर आहे." काय संबंध? लोकसंख्या दीड हजार असती तर मंदिर नसतं का? तुझ्या नमुन्यात "नाराजी असून मागणी होत आहे" आहे, तिथं नाराजी आणि मागणी यांचं नातं काय ते तू सांगितलंच नाही, "असून" टाकून पुढं गेला. महिनाभर "असून" लिहायचं बंद कर. त्या जागी काय येते ते शोधताना कळेल की अर्ध्या ठिकाणी काहीच यायला नको, पूर्णविराम पाहिजे. उरलेल्या अर्ध्यात "म्हणून", "तरी", "शिवाय" असं काहीतरी खरं नातं सापडते.

"सदर", "उपरोक्त", "सदरील", "अनुषंगाने" याबद्दल मी इथं बोलत नाही, रक्तदाब वाढते.

व्याकरणाचं विचारलं तू. नाही, पुन्हा शिकावं लागणार नाही. केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य ही नावं शाळेत पाठ केली असशील, आठवत असली तर चांगलं, नसली तरी अडत नाही. हे मी मनानं सांगत नाही. हा सराव अमेरिकेतल्या शाळांत १९६० आणि ७० च्या दशकात खूप गाजला. केलॉग हंट नावाच्या अभ्यासकानं १९६५ मध्ये चौथी, आठवी आणि बारावीतल्या मुलांचं लिखाण मोजलं, तेव्हा दिसलं की नुसती वाक्याची लांबी मोजून काही कळत नाही, कारण लहान पोरं "आणि, आणि, आणि" लावून कितीही लांब वाक्य करतात. मोठी होतात तसं ती एकाच मुख्य वाक्याच्या पोटात जास्त गोष्टी बसवायला शिकतात, फरक तिथं पडतो. पुढं जॉन मेलन यानं १९६९ मध्ये वाक्यं जोडायचा सराव व्याकरणासोबत करून पाहिला, आणि १९७३ मध्ये फ्रँक ओहेअर यानं व्याकरण पूर्ण बाजूला ठेवून सातवीच्या मुलांना नुसती वाक्यं जोडायला दिली. मुलांचं लिखाण सुधारलं, कोणतं लिखाण कोणाचं ते न सांगता मास्तरांना तपासायला दिलं तरी त्यांनाही ते चांगलं वाटलं. नंतर हे फॅशनमधून गेलं, लोक म्हणायला लागले की हे नुसतं यांत्रिक आहे, लिहिणाऱ्याला स्वतःचं काही सांगायचंच नसते. पण २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा वाक्यं जोडण्याचा परिणाम ०.५० निघाला, म्हणजे मध्यम, बऱ्यापैकी. आणि नुसतं व्याकरण शिकवण्याचा परिणाम शून्याच्याही खाली. ते प्रयोग इंग्रजीतले आणि शाळेच्या मुलांवरचे आहेत, तुझं वय आणि भाषा दोन्ही वेगळं, तेवढं ध्यानात ठेव. तरी यांत्रिक म्हणणाऱ्यांचं मला अर्धं पटते, म्हणून सांगते की पुस्तकातली वाक्यं घेऊन जोडत बसू नको, तुझी घे.

कशी करायची ते. रात्री जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं, लाईट असली तर. वहीत त्या दिवशी पाहिलेल्या एका गोष्टीची सात-आठ बारकी वाक्यं लिही, एका वाक्यात एकच गोष्ट. मोठा विषय नको. समज:

"आई कापूस वेचते. ऊन तापलं आहे. कमरेला कापडाची झोळी बांधली आहे. झोळी भरत आली आहे. बोंडांची टोकं बोटांना लागतात. बोटं फाटली आहेत. ती थांबत नाही."

आता याची तीन वेगवेगळी जोडणी कर. एकच करून थांबायचं नाही, एकात निवड होत नाही. माझी एक: "तापलेल्या उन्हात, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली तरी, आई थांबत नाही, कमरेची झोळी भरत आली आहे." दुसरी: "आईची झोळी भरत आली आहे आणि बोटं फाटली आहेत. ऊन तापलं आहे. ती वेचतेच आहे." पहिलीत मी "तरी" घातलं आणि आईला थोडं देवीच्या फोटोसारखं करून टाकलं, मला ते आता वाचताना आवडत नाही. दुसरीत झोळी आणि बोटं "आणि" नं शेजारी ठेवली, काही म्हटलं नाही. मी दुसरी ठेवीन. तुझं वेगळं असेल, असू दे, पण का ठेवली ते वहीत एका ओळीत लिहून ठेव. ती ओळ लिहिली नाही तर सराव नुसता हात चालवणं होतो.

मग तिन्ही मोठ्यानं वाच. घरच्यांनी पाहिलं तर पाहू दे. जिथं श्वास मधातच तुटते तिथं स्वल्पविराम नाही, बहुतेक पूर्णविराम पाहिजे.

हे झाल्यावर आठवड्यातून एकदा उलटं कर. तुला आवडलेला मराठी परिच्छेद घे, अग्रलेखातला, कोणाच्या आत्मकथनातला, कोणाचाही. त्याची मोडतोड करून बारकी बारकी वाक्यं कर आणि वही बंद. चार-पाच दिवसांनी मूळ न पाहता परत जोड, मग मूळ काढून शेजारी ठेव. बेंजामिन फ्रँकलिन, तोच वीज आणि पतंगवाला, पोरवयात जवळपास असंच करायचा, आवडलेल्या निबंधातल्या वाक्यांची नुसती टिपणं काढायची, काही दिवस जाऊ द्यायचे, आपल्या शब्दात परत लिहायचं आणि मूळाशी ताडून पाहायचं. कधी कधी तो ती टिपणं मुद्दाम उलटसुलट करून ठेवायचा, म्हणजे क्रमही आपणच लावायचा. शिकवायला कोणी नसलं तरी होणारा हा प्रकार आहे, म्हणून तुझ्यासारख्याला कामाचा. मूळ लेखकानं जिथं तोडलं तिथं तू जोडलं असशील, तिथं थांबून बघ त्यानं काहून तोडलं असेल.

एक मात्र. आता वाक्यं जोडायची सवय लागली की सगळं जोडायची खुमखुमी येईल, ते करू नको. आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्याची सुरुवात म्हणतात ती, आणि त्यातली वाक्यं बारकी बारकीच आहेत. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांना लहान लहान प्रश्न विचारत जायचे, लोक उत्तर द्यायचे, मग पुढचा प्रश्न. तिथं कोणी मिश्र वाक्य घातलं असतं तर अर्धी सभा उठून गेली असती. तुटक वाक्य हा गुन्हा नाही. तुला दोन्ही करता येत असून, (बघ, मीही लिहिलं "असून"), तू तुटक निवडलं तर ती तुझी निवड. तुला दुसरं येतच नाही म्हणून तुटक लिहिलं तर संपादकाला लगेच कळते.

बोलीचं. वऱ्हाडीची अडचण होत नाही, उलट फायदाच आहे, कारण बोलताना तू हे सगळं आधीच करतोस. हीच पुराची गोष्ट बाबांना चहा घेता घेता सांगायला लाव. "काल अशी धार लागली ना बावा, का नाल्याचं पाणी थेट वावरात, अन् गंज्या पाह्यता पाह्यता गेल्या." यात एक जोडणं चुकलेलं आहे का? "अशी... का" नं पावसाचा जोर आणि पूर एकमेकांत अडकवले, "अन्" नं घात आणला, तोही शेवटी. कागद समोर आला की मात्र आपण घाबरतो आणि चौथीच्या निबंधात शिरतो नाहीतर तहसीलच्या अर्जात. म्हणून आधी मोबाईलवर रेकॉर्ड कर, मित्राला सांगतो तसं सांग, मग ते ऐकून लिही, भाषा प्रमाण कर पण जोडणी बोलण्यातली ठेव. एका ठिकाणी सांभाळ फक्त. आपण "पेरणी करून राहिले" म्हणतो म्हणजे पेरणी चालू आहे. सातारा-कोल्हापूरचा माणूस वाचेल की पेरणी केली आणि मग तिथंच राहिले. बाहेरच्यांसाठी लिहिताना "पेरणी करत आहेत" कर. कोणाचं बोलणं अवतरणात देत असशील तर हात लावू नको, जसं बोलले तसंच.

राहिलं एआय. मी काही त्याच्या विरोधात नाही, माझी भाची त्यावर सगळा गृहपाठ करते. पण त्याला तुझी अकरा वाक्यं देऊन "जोड" म्हटलं तर तो जोडेल, चकाचक जोडेल, आणि तू जे शिकायला बसला तेच काम तो करून टाकेल, म्हणजे मुख्य काय आणि मागं काय हे ठरवणं. तो ठरवेल कशावरून? नाल्यावर तो नव्हता. तलाठ्याला फोन केला होता की नाही त्याला माहीत नाही, पण वाक्य गुळगुळीत व्हावं म्हणून "वारंवार कळवूनही" असं खुशाल घालेल आणि तुझ्या नावानं छापून येईल. त्याच्याकडून घ्यायचंच असेल तर उलटं काम घे. चांगला परिच्छेद देऊन म्हण की याची एकेक गोष्ट सांगणारी सुटी वाक्यं करून दे आणि क्रम बदलून दे. तुला सरावाला आयतं सामान मिळते, तोडताना मूळ वाचून पाठ होत नाही हा आणखी फायदा. फक्त पहिले एक-दोनदा त्याची यादी मूळाशी ताडून घे, मूळात नसलेलं एखादं वाक्य तो मधात सरकवतो.